मी गोवर म्हणालो

माझ्या मुलाला देवी आल्या तेव्हा तो दीड वर्षाचा होता. त्याला टोचलेले नव्हते. टोचणारा आमच्या वस्तीच्या तोंडापर्यंत आला होता, सुई त्याच्या हातात होती, आणि मी त्याला परत पाठवले.

ज्यांच्या घरात लहान मुले आहेत त्यांनी हे वाचावे. यात औषधांची माहिती मिळणार नाही, कारण ती मला नाही. मी प्राथमिक शाळेचा मास्तर आहे. वय पंचेचाळीस. अडाणी माणसाने न कळून मुलाचे नुकसान केले की लोक त्याची कीव करतात. माझी कोणी करू नये. टोचून घेतल्याने देवी येत नाहीत, हे वाक्य मी स्वतः फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत होतो.

बाभळीखाली

आमचे गाव सिंदी स्टेशनापासून चार मैलांवर आहे. दर हिवाळ्यात देवी टोचणारा गावात येई. पाटलाच्या ओसरीवर सतरंजी अंथरली जाई. गावाची मुले टोचून झाली, चहा झाला, की उन्हे कलताना तो आमच्याकडे वळे. आमच्या वस्तीला गाव अजून जुन्याच नावाने हाक मारते. तो आत येत नसे. नाल्याकाठच्या बाभळीखाली उभा राही आणि आमच्या बाया मुले घेऊन तिथे जात. काचेच्या बारीक नळीत जी लस उरली असेल ती आमची. गावाच्या मुलांसाठी तो सुई स्पिरिटच्या दिव्यावर धरी. आमच्याकडे येईपर्यंत दिवा पेटीत गेलेला असे. माझी मोठी मुलगी सुमन याच बाभळीखाली टोचलेली आहे.

छप्पनच्या दसऱ्याला आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. परतल्यावर वस्तीची बैठक झाली. मेलेले ढोर ओढायचे नाही, लग्नाच्या पंगतीतले उरलेले आणायचे नाही, गावाचे झाल्यावर मागे राहिलेले काहीही घ्यायचे नाही, असे ठरले. तो ठराव माझ्या अक्षरात आहे. त्यातल्या एकाही शब्दाची मला आजही लाज वाटत नाही. त्यानंतर दोन महिन्यांनी माझा मुलगा जन्मला. आमच्यात कचरू, धोंडू, उकंड्या अशी नावे ठेवत. आम्ही त्याचे नाव आनंद ठेवले.

पुढच्या हिवाळ्यात टोचणारा आला आणि नेहमीसारखा बाभळीखाली थांबला. बाया निघाल्या. सर्वांत पुढे माझा चुलतभाऊ किसन होता, त्याच्या कडेवर त्याची मुलगी वच्छी. तिच्या झग्याची बाही त्याने आधीच वर गुंडाळून ठेवली होती.

मी आडवा गेलो. टोचणाऱ्याला म्हणालो, "साहेब, वस्तीत या. खाट टाकतो, चहा ठेवतो."

"वेळ नाही मास्तर. गाडी पकडायची आहे मले."

"मग नवी नळी फोडा. आणि दिवा लावा."

"नळ्या संपल्या. ही अर्धी आहे, पुरते तुमच्या पोट्ट्यांले. दरसाल पुरते न!"

"उरलेलं आम्ही घेत नाही आता."

"अरे बाप्पा!" तो मोठ्याने म्हणाला. "आता लसही उष्टी झाली का?"

त्याच्या मागे पेटी धरून उभा असलेला कोतवाल हसला. तो हसला नसता तर मी माघार घेतली असती, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगतो. ते खरे असेलच असे नाही.

माझी बायको यशोदा आनंदला घेऊन उभी होती. ती हलक्या आवाजात म्हणाली, "अवो, पोट्ट्याले त टोचू द्या. भांडण मंग करजा."

"तू घरी जा," मी म्हणालो. ती गेली.

मी किसनकडे पाहिले. त्याने क्षणभर वच्छीच्या दंडाकडे पाहिले आणि बाही खाली ओढली. "दादा म्हणते थेच," तो बायांना म्हणाला, आणि सगळ्या मागे फिरल्या.

टोचणाऱ्याने वही काढली. "अकरा पोट्टे. नकार लिहून द्या मास्तर, उद्या माह्या अंगावर नको." मी लिहून दिले. माझे अक्षर चांगले आहे. मी सही सावकाश, नीट केली.

मी जिल्ह्याच्या साहेबांना अर्ज लिहिला. लस वस्तीत येऊन टोचावी, सुई दिव्यावर धरावी, असे सगळे त्यात होते. उत्तर आले नाही. सिंदीच्या दवाखान्यात मुले नेली असती तर तिथे रोज टोचत होते. चार मैल. दर आठवड्याला बाजाराला मी तितके चालतच होतो. पण अकरा मुले घेऊन आपण होऊन गेलो, तर गाव म्हणेल की शेवटी आलेच शरण. मी अर्जाच्या उत्तराची वाट पाहत राहिलो, आणि माझ्या भरवशावर दहा घरे वाट पाहत राहिली.

गोवर

चैत्रात सिंदीकडे साथ आहे असे ऐकू येऊ लागले. बाजाराला जाताना मी आनंदला खांद्यावर घेऊन जात असे. त्याला रेल्वे पाहायला आवडे.

एका सोमवारी त्याला ताप भरला. अंग चुलीतल्या खापरीसारखे. तो पाठ टेकू देईना, कुशीवर टाकले की किंचाळे. तिसऱ्या दिवशी सकाळी कपाळावर आणि गालांवर तांबूस पुरळ आले.

"गोवर आहे," मी म्हणालो.

माझी माय सत्तरीची. तिने आनंदची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे केले. "गोवरात पोट्टं शिंकते, शिवा. डोये गळते. याचं नाक त कोरडं आहे."

"गोवरच आहे माय. मी पुस्तकात वाचलं आहे."

पुस्तकाचे नाव काढले की माय गप्प बसते. पोटाला चिमटा घेऊन तिनेच मला शिकवले होते, त्यामुळे पुस्तकाशी वाद घालणे तिला जमत नाही. तिच्या या श्रद्धेचा मी असा उपयोग केला.

त्याच सकाळी किसन आला. वच्छी त्याच्या खांद्यावर. "काय झालं दादा आनंदले?"

"गोवर."

"गोवर न? मंग होऊ दे वच्छीलेही. एकदाचा निपटून जाईल." असे आमच्याकडे करतात. एका घरी गोवर निघाला की शेजारीपाजारी आपली मुले मुद्दाम खेळायला पाठवतात. त्याने वच्छीला आनंदजवळ बसवले आणि कामाला गेला. दुसऱ्या दिवशीही आणून बसवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आनंदच्या कपाळावरून बोट फिरवले. पुरळ आता नुसते लाल राहिले नव्हते. कातडीखाली दाणे लागत होते. टणक, मुगाएवढे, दाबले तरी न हलणारे. गोवर असा लागत नाही. मनगटांवर पाहिले, तळव्यांवर पाहिले. तिथेही होते. मला कळले. मला शंका आली असे नाही, मला कळले.

त्या वेळी वच्छी माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. आनंदसाठी कालवलेला भात त्याने तोंडात घेऊन टाकला होता, आणि तोच ती त्याच्या ताटलीतून खात होती. मी तिला उचलून बाहेर न्यायला हवे होते. नुसते "वच्छे, घरी जा" एवढे म्हटले असते तरी चालले असते. पण मग किसन संध्याकाळी विचारणार, काऊन पाठवली? आणि मला तो शब्द उच्चारावा लागणार. तो उच्चारला की बाभळीखालची माझी सही, माझे सुंदर अक्षर, सगळे त्या दहा घरांपुढे उघडे पडणार. मला आणखी एक दिवस हवा होता. कशासाठी ते मी आज सांगू शकत नाही. एक दिवस मास्तर राहण्यासाठी, इतकेच असेल.

संध्याकाळी किसन वच्छीला न्यायला आला. "निघाला का बरोबर गोवर?"

"निघतो आहे," मी म्हणालो.

दगडावर पाणी

पुरळ आल्यापासून तिसऱ्या दिवशी दाण्यांत पाणी धरले. आता शाळेतल्या मुलालाही ओळखू आले असते. मायने दाराला लिंबाचा डहाळा खोचला, चुलीवरची फोडणी बंद केली, आणि आनंदला 'माय' म्हणू लागली. "पाणी पी गं माय. रागावू नको गं माय." आमच्याकडे देवी आलेल्या मुलाशी असेच बोलतात, त्याच्या अंगात ती आहे असे समजतात. वस्तीला डहाळा दिसला. त्या दिवसापासून आमच्या अंगणात कोणी आले नाही. वच्छीही आली नाही.

गावाकडून मात्र निरोप आला. मातामायला तुम्ही सोडली, मग ती तुम्हाला सोडेल काय? दीक्षेनंतर आम्ही मातामायच्या, देवी आणणाऱ्या आईच्या, दगडाला हात जोडणे बंद केले होते. वस्तीच्या टोकाला लिंबाखाली शेंदूर फासलेला दगड, वर्षानुवर्षे आमच्याच लोकांनी सांभाळलेला.

माय तांब्या घेऊन निघाली तेव्हा मी तिला अडवले. "माय, आपण प्रतिज्ञा घेतली आहे."

"घेतली न. म्या बी घेतली," ती म्हणाली. "मले माहीत आहे थो गोटाच आहे. पण मी काय करू सांग. तू काय करून राह्यला?"

मी काहीच करून राहिलो नव्हतो. तिचे गुडघे दुखतात म्हणून मी तांब्या तिच्या हातून घेतला, असे त्या वेळी मी स्वतःला समजावले. मी गेलो आणि त्या दगडावर पाणी ओतले. आजूबाजूला कोणी नाही हे आधी पाहिले. दगडावर माझा विश्वास नव्हता. पण मी तांब्या पुरता रिकामा केला. लसीच्या बाबतीत जो माणूस लोकांसमोर इतका ताठ उभा राहिला, तो कोणी पाहत नसताना असा होता.

परत आलो तर यशोदाने आनंदला पांघरुणात गुंडाळून दारात घेतले होते.

"वर्ध्याले चालली मी," ती म्हणाली. "तुमी येता का मी एकटी जाऊ?"

बंडी

आगगाडीत घेणार नव्हते. बंडीवाले दुरूनच नाही म्हणत होते. शेवटी किसन आपली बंडी घेऊन आला. त्याच्या तोंडावर लहानपणीचे देवीचे वण आहेत. एकदा होऊन गेलेल्याला पुन्हा होत नाहीत, म्हणून त्याला स्वतःची भीती नव्हती. वीस मैल. ऊन लागू नये म्हणून त्याने बंडीवर बांबूचा तट्टा बांधला होता आणि वरून ओले पोते.

सेलूच्या पुढे तो मागे न वळता म्हणाला, "दादा, आधी गोवर निघते न् मंग माताही निघते कधी कधी. नाई का?"

त्याने विचारले त्यात टोमणा नव्हता. मी चुकलो असेन हे त्याच्या ध्यानात आले होते, आणि ती चूक मला लाजेची होऊ नये म्हणून त्याने स्वतःच तिला एक बाजू काढून दिली होती. यशोदा माझ्याकडे पाहत होती.

"निघते," मी म्हणालो.

"मंग ठीक आहे." त्याने बैल हाकले.

दवाखान्याच्या फाटकावर उतरताना मी त्याला एवढे तरी सांगायला हवे होते, की परत जाऊन उद्याच्या उद्या वच्छीला टोचून आण. इतक्या लवकर टोचले तर कधी कधी उपयोग होतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितले. त्या दिवशी ते मला माहीत नव्हते. पण माहीत असते तर मी बोललो असतो का, हे मी खात्रीने सांगत नाही.

टिनाची शेड

साथीच्या रोग्यांना मुख्य इमारतीत ठेवत नसत. मागे, नाल्याच्या पलीकडे टिनाची शेड होती. नऊ खाटा, चौदा रोगी. बहुतेक मुले. वैशाखात टिन इतके तापे की दुपारी आम्ही बाया-माणसे भिंतीला ओली फडकी लावून बसत असू.

पहिल्याच सकाळी डॉक्टरांनी मला आणि यशोदाला दंड दाखवायला सांगितले. माझ्या डाव्या दंडावर टोचल्याचे चार गोल वण आहेत. आयुष्यभर ते तिथे होते, आणि त्यांचा मी कधी विचार केला नव्हता.

"चांगले उठले आहेत," डॉक्टर म्हणाले. "कोणी टोचून घेतलं?"

"माझ्या बापानं."

"शिकलेले होते?"

"नाही. ढोरं ओढायचे."

माझा बाप टोचणाऱ्यापुढे कमरेतून वाकून, दोन्ही हात जोडून उभा राही. "सायेब, माह्या लेकाले बी थोडंसं," असे म्हणे. तरुणपणी मला त्या वाकण्याची इतकी लाज वाटे की मी त्याच्याबरोबर रस्त्याने चालत नसे. त्याने उरलेली लस हात जोडून घेतली आणि मी जगलो.

मी डॉक्टरांना बाभळीची गोष्ट सांगितली. मला वाटले ते टोचणाऱ्यावर रागावतील. ते रागावलेही. सुई दिव्यावर न धरणे हा गुन्हा आहे, म्हणाले. मग म्हणाले, "पण मास्तर, नळीतला पहिला थेंब आणि शेवटचा थेंब सारखाच असतो." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

शेडमधला दिवस असा जाई. सकाळी बोरिकच्या पाण्याने डोळे धुणे. पापण्या चिकटलेल्या असत, त्या कापसाने भिजवून भिजवून सोडवायच्या. मग दूध, चमच्याने, कारण तोंडातही फोड होते. आनंदने खाजवू नये म्हणून नर्सबाईंनी त्याच्या दोन्ही हातांना कापडी पिशव्या बांधल्या होत्या. तो त्या पिशव्या तोंडापुढे धरी आणि आपले हात कुठे गेले ते शोधी. वासाबद्दल मी लिहीत नाही. ज्याने तो घेतला आहे त्याला सांगायला नको, ज्याने घेतला नाही त्याला सांगता येणार नाही.

नर्सबाई फटकळ होत्या. आनंद रडू लागला आणि मी कावराबावरा झालो की म्हणत, "रडू द्या हो. रडतंय ते पोर माझं. जे गप्प पडतं त्याची मला भीती." सातव्या दिवशी तो गप्प पडला. त्या दिवशी त्या ड्यूटी संपल्यावर घरी गेल्या नाहीत. स्टूल घेऊन त्याच्या उशाशी बसून राहिल्या आणि दर थोड्या वेळाने कापसाचा बोळा दुधात बुडवून त्याच्या ओठांत पिळत राहिल्या. संध्याकाळी त्याने बोळा चावला. "चावरा आहे मेला," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवून डोळे पुसले. त्यांचे नाव मी विचारले नाही, याचे वाईट वाटते.

शेजारच्या खाटेवर एका मोठ्या शेतकऱ्याचा नातू होता. आजोबा पहिल्या दिवशी मला पाहून आपला माठ पलीकडे घेऊन गेले. चौथ्या दिवशी त्यांच्या घरून येणाऱ्या माणसाने शेडच्या आत पाय टाकायला नकार दिला आणि डबा नाल्याच्या अलीकडे ठेवून पळाला. त्या डब्याकडे पाहत आजोबा म्हणाले, "असं लांबून ठेवते हो. कुत्र्याले ठेवते तसं." डबा मी आणून दिला. दुसऱ्या दिवसापासून माठ मध्ये आला. नातू वाचला नाही. जाताना त्यांनी माठ आमच्यासाठी ठेवला.

यशोदा माझ्याशी कामापुरते बोले. कापूस द्या, पाणी आणा. एकदाच, आनंदची पिशवी बदलताना, मान खाली घालून म्हणाली, "थ्या दिवशी तुमी मले घरी जा म्हणले. मी काऊन गेली?"

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"तुमची त आहेच," ती म्हणाली. "मी माह्याबद्दल बोलून राह्यली."

खपल्या धरल्यावर त्याच्या उजव्या डोळ्यात पांढरे दिसू लागले. डॉक्टरांनी बोट नाचवून पाहिले. डावा डोळा बोटामागे गेला, उजवा गेला नाही. "एक वाचला," ते म्हणाले. महिन्याने आम्हाला सोडले.

परत

आम्हाला न्यायला किसन येईल असे वाटले होते. दुसऱ्याच कोणाची तरी बंडी आली. हाकणारा वाटभर पावसापाण्याचे बोलला.

माय बाभळीखाली उभी होती. तिने आनंदचे तोंड दोन्ही हातांत धरले, वण पाहिले, डोळा पाहिला. मग त्याला यशोदाकडे देऊन मला म्हणाली, "वच्छी गेली, शिवा."

आम्ही शेडमध्ये असताना, दहाएक दिवसांनी तिला ताप भरला होता. सहाव्या दिवशी ती गेली. किसनने तिला वर्ध्याला आणायचे ठरवले होते, बैल जुंपले होते. तिच्याकडून साथ बाकीच्या घरांत गेली. अकरांपैकी चार मुले गेली.

"आन् टोचणारा आलता," माय म्हणाली. "संगं मोठे सायेब, पोलीस. गावात गेलेच नाई. आपल्या इथं आले पह्यले. खाटेवर बसले. दिवा लावला. नवी नळी फोडली."

अर्जात मी जे जे मागितले होते, ते सगळे मिळाले होते.

किसन

मी किसनकडे लगेच गेलो नाही. आठ दिवस गेलो नाही. वस्तीतले लोक येत, आनंदला पाहत, आणि टोचणाऱ्याला शिव्या देत. "मास्तर, तुमी हक्काचंच बोलले," म्हणत. ज्यांची मुले गेली होती तेही म्हणत. मी मान हलवत असे. 'गोवर' हा शब्द कोणी काढला नाही. म्हाताऱ्या मायखेरीज तो कोणाला खटकलाही नव्हता.

नवव्या दिवशी गेलो. तो अंगणात कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या मोळ्या बांधत होता.

"बस दादा. आनंदचा डोया गेला म्हणते."

"एक."

"एकानंही दिसते." त्याने मोळी आवळली. मग म्हणाला, "बाभळीखाली तू बोलला थ्याचं मले काई नाई. खरं सांगतो, छाती फुगली होती माही. माह्या बापासाठी असं कोणी बोललं नव्हतं. पण तू गोवर म्हणला होता."

मी खाली पडलेली एक काडी उचलून मोळीवर ठेवली.

"तुले समजलं नसन," तो म्हणाला. "मास्तर आहे तू, डाक्टर थोडी आहे."

बंडीत काढून दिली तशीच ही बाजू होती. हो म्हटले असते की संपले असते. आम्ही दोघे म्हातारे झालो असतो, एकमेकांच्या अंगणात बसलो असतो.

"समजलं होतं," मी म्हणालो. "दुसऱ्याच दिवशी."

त्याचे हात थांबले. "वच्छी बसली होती तवा?"

"हो."

"संध्याकाळी मी न्याले आलो, तवा?"

"हो. तेव्हाही."

"आन् बंडीत?"

"बंडीतही."

त्याने मोळी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "जा तू."

पावसाळा गेला, कापूस आला, तो माझ्याशी बोलला नाही. विहिरीवर मी दिसलो की वळून जाई. दिवाळीनंतर एकदा सकाळी दारात येऊन उभा राहिला. बसला नाही.

"तुले लिहिता येते," म्हणाला. "सायबाले अर्ज लिहला होता न? आता हे लिही. जसं झालं तसं. आन् मले वाचून दाखवजो."

मी लिहिले. तीन वेळा फाडले. पहिल्या वेळी टोचणाऱ्यावर फार लिहिले गेले, दुसऱ्या वेळी मातामायवर. वर जे आहे ते चौथ्या वेळचे. काल मी ते त्याला त्याच्याच अंगणात वाचून दाखवले. तो पायरीवर बसून ऐकत होता.

संपल्यावर म्हणाला, "याच्यात वच्छी कुठी आहे?"

"आहे ना. नाव आहे तिचं."

"नाव आहे. मरते तेवढी आहे. होती कशी थे नाई." तो उठून माझ्या जवळ येऊन बसला. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा. "लिही. वच्छी ठेचा खाये. एवढीशी पोट्टी, पण भाकरीवर मिरचीचा ठेचाच पायजे. डोयातून पाणी गये, नाक गये, हाय हाय करे, पण भाकर सोडे नाई. कोणी हासलं त थ्याच्या तोंडात बी घास कोंबे. लिहलं?"

"लिहिलं."

"वाच."

मी वाचले.

"पुन्हा वाच," तो म्हणाला.